धुक्यातलं घुंगरू

जुलै महिन्यात, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या ऐन हिवाळ्यात, बॅलन गावाच्या वरच्या टेकड्यांवर सकाळी सातला नळ सोडला तर नुसता खरखर आवाज येतो. पाईपातलं पाणी दगड झालेलं असतं. म्हणून कादंबरी मेलबर्नजवळच्या टार्निटच्या घरून निघतानाच पाण्याचे दोन मोठे कॅन भरून डिकीत टाकायची. पाऊण-एक तासाने गॉर्स हिल रॅप्टर सेंटर या शिकारी पक्ष्यांच्या केंद्राच्या फाटकाशी पोचली की आधी पक्ष्यांच्या भांड्यांतल्या बर्फाच्या चकत्या गवतावर फेकायची, मग ताजं पाणी घालायची, आणि मग वजनं.

हिवाळ्यात या कामाचा सगळा जीव वजनात असतो. बाहेर कितीही थंडी असो, बारा खोल्यांमधल्या बाराही पक्ष्यांना एकेक करून काट्यावर बसवायचं आणि आकडा वहीत लिहायचा. टॉफी नावाची केस्ट्रेल जातीने ससाणाच, पण जेमतेम एकशे सत्तर ग्रॅमचा जीव. तिचे रात्रीत पंधरा ग्रॅम उतरले तर पुढची रात्र तिला निघत नाही. डचेस ही वेज-टेल गरुडाची मादी सव्वाचार किलोची. तिला थंडीचं काही नसतं, पण ओल्या दांडीवर बसून तिच्या तळव्यांना फोड येतात, म्हणून तिच्या दांडीला कृत्रिम हिरवळीचा पट्टा गुंडाळायचा. फ्रीजरमधली कोंबडीची पिल्लं आदल्या दिवशी बाहेर काढून ठेवायची. हीटलॅम्पच्या वायरी उंदरांनी कुरतडल्यात का ते बघायचं. हात फुटायचे, बोटांच्या पेरांतून रक्त यायचं. बारा वर्षांपूर्वी पुण्याहून झूऑलॉजी शिकायला मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत आलेली ही मुलगी एका वीकेंडला इथे झाडलोट करायला म्हणून आली आणि कायमची अडकली.

सेंटर मूळचं हेलनचं. तीस वर्षं तिने ते एकटीने चालवलं. गेल्या मार्चमध्ये गुडघे गेले म्हणून ती क्वीन्सलंडला बहिणीकडे राहायला गेली आणि किल्ल्यांचा जुडगा कादंबरीच्या हातात ठेवून म्हणाली, "सप्टेंबरपर्यंत पक्ष्यांचे शो बंद असतात. फक्त त्यांना जिवंत ठेव, लव." एवढंच. तो कादंबरीचा इथला पहिला एकटीचा हिवाळा होता.

सेंटरची जागा तशी साधी. लाकडी खोल्यांची एक रांग, पुढून जाळी, वर पत्रा. मागे निलगिरीचं दाट जंगल. पुढे उतरत जाणारं कुरण, कुरणाच्या शेवटी तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे ग्रॅहम टुलीच्या मेंढ्या. या ग्रॅहमला गरुड म्हटलं की तिडीक यायची. गरुड त्याची कोकरं उचलतात अशी त्याची पक्की समजूत होती आणि गरुडांना सांभाळणाऱ्या बाईबद्दलही त्याचं मत काही वेगळं नव्हतं. रस्त्यात गाडी समोरून आली तर तो हात वर करायचा नाही. त्या भागात शत्रूलाही हात केला जातो.

त्या हिवाळ्यात कादंबरीचं सगळं लक्ष मिरीवर होतं. मिरी म्हणजे बहिरी ससाण्याची मादी. विजेच्या तारेला धडकून तिचा पंख मोडला होता, तो आता जुळला होता. वसंतात तिला मोकळं सोडायचं, तर त्याआधी अंगात ताकद यायला हवी. म्हणून रोज दुपारी कादंबरी तिला कुरणावर उडवायची. पायात पितळी घुंगरू, शेपटीच्या पिसाला नखाएवढा ट्रॅकर. तीन आखूड शिट्ट्या मारल्या आणि चामडी हातमोजा चढवलेला डावा हात वर केला की मिरी कुठूनही खाली यायची आणि हातावर बसून मांस खायची. ट्रॅकरचा नकाशा कादंबरीच्या फोनवर दिसायचा आणि टार्निटला घरून काम करणाऱ्या प्रणवच्या लॅपटॉपवरही. ती सगळी सोय त्यानेच करून दिली होती. बायकोने एवढ्या थंडीत तिथे एकटीने राबावं हे त्याला मुळीच पसंत नव्हतं. पण निदान पक्षी कुठे आहे ते तरी दिसावं, असं त्याचं म्हणणं.

त्या मंगळवारी दोन वाजता आकाश लख्ख होतं. मिरी उडाली, दोन घिरट्या घेऊन उंच गेली, आणि तेवढ्यात दरीतून धुकं वर आलं. त्या टेकड्यांवर धुकं असंच येतं, दूध उतू जावं तसं. पाच मिनिटांत कुंपण दिसेनासं झालं, दहा मिनिटांत झाडं. कादंबरीने शिट्टी मारली. थांबली. पुन्हा मारली. ओल्या गवताचा वास, कुठेतरी थेंब पडल्याचा आवाज, बाकी काही नाही. फोनला रेंज नव्हती. गारठ्यात शिट्टी मारून मारून तिचे ओठ बधिर झाले.

पाऊण तासाने डोक्यावर, बरंच उंच, घुंगरू वाजलं.

तिने हात वर केला. घुंगरू जवळ आलं, उजवीकडून फिरून मागे गेलं. गालावर पंखांचा वारा लागला आणि हातमोज्यावर ओळखीचं वजन उतरलं. तिने सुटकेचा श्वास टाकला. डोळ्यांतून पाणी येत होतं म्हणून उजव्या बाहीने डोळे पुसले. हातमोज्यावरचं मांस दोनदा ओढलं गेलं, वजन उचललं गेलं, घुंगरू पुन्हा वर गेलं. डोळे उघडून बघते तो हात रिकामा.

फाटकापाशी रेंज आली आणि लगेच फोन वाजला. प्रणव होता.

"अगं, मिरी बॅकस मार्शला काय करतेय?"

"वीस किलोमीटरवर? आत्ता माझ्या हातावर येऊन गेली. खाऊन गेली."

"कादंबरी, ती दोन वीसपासून तिथल्या धान्याच्या सायलोवर बसलीये. हललेलीसुद्धा नाही. मी केव्हाचा फोन लावतोय तुला."

ती सायलोपाशी गेली तेव्हा मिरी तिथेच होती. पहिल्या शिट्टीला हातावर आली. तिच्या पायात तिचं घुंगरू होतं, शेपटीला ट्रॅकर होता, पोट रिकामं होतं. ती हातावर बसून सारखी थरथरत होती. कादंबरीने तिला छातीशी धरलं आणि गाडीचा हीटर पूर्ण सोडला, तरी टेकडीवर पोचेपर्यंत तिची थरथर थांबली नाही.

कादंबरी काही घाबरट नव्हती आणि भाबडीही नव्हती. तिने सरळ विचार केला: कुणाचा तरी शिकवलेला पक्षी सुटलाय. पायात घुंगरू आहे, शिट्टी ओळखतो, हातावर खातो. थंडीत उपाशी मरेल. त्याला पकडायला हवा. पक्षी सांभाळणारं कुणीही हेच करतं.

म्हणून गुरुवारी धुकं आलं तेव्हा ती मुद्दाम बाहेर पडली. तीन शिट्ट्या मारल्या. घुंगरू लगेच वाजलं, जणू ते वाटच बघत होतं. या वेळी तिने डोळे उघडे ठेवले. हातमोज्याचं चामडं चार ठिकाणी दबलं, पुढे तीन खळगे आणि मागे एक. मांसाची पट्टी उभी ताणली गेली आणि तुटली. हातमोज्याच्या वर धुकं होतं. तिने दुसरा हात पुढे केला नाही. का केला नाही, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

वजन मिरीच्या दुप्पट होतं.

तिसऱ्यांदा ती डचेसला पेलते तसं कोपर कमरेला टेकवून उभी राहिली, तरी हात खाली जात होता. चौथ्यांदा तिने दोन अख्खी पिल्लं मोज्यात धरली होती. ती गेली. वजन मात्र बराच वेळ हातावर नुसतं बसून राहिलं. घुंगरू जरासुद्धा वाजत नव्हतं. तिच्या कपाळावर, केसांवर, थंड आणि किंचित कुजका श्वास येत होता. श्वास वरून येत होता.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने प्रणवला सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू आठवडाभर रोज चारच तास झोपतेयस. आपण एखादा ब्रेक घेऊया का?" तो हे प्रेमाने म्हणाला, म्हणून तिला जास्त राग आला.

पण पक्षी खोटं बोलत नाहीत. त्या आठवड्यात एकेक करून सगळ्यांनी खाणं सोडलं. सकाळी ती खोल्यांसमोरून जायची तर प्रत्येक पक्षी दांडी सोडून खाली, मागच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून बसलेला. पिसं फुगवलेली नाहीत, उलट अंगाशी घट्ट आवळलेली, भीतीने आवळतात तशी. आणि सगळ्यांच्या माना एकाच दिशेला, छताकडे. वजनं उतरायला लागली. शनिवारी टॉफी एकशे एकावन्न ग्रॅम भरली. कादंबरीने तिला हीटलॅम्पखाली घेतलं, चिमट्याने घास भरवला, गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून शेजारी ठेवली. रविवारी सकाळी टॉफी बाटलीला टेकून मेलेली सापडली. त्याच सकाळी डचेसला काट्यावर घ्यायला ती आत शिरली, तर सात वर्षांत जिने कधी नख उगारलं नव्हतं त्या डचेसने सरळ तिच्या तोंडावर झडप घातली. नख भुवईला लागलं, डोळा थोडक्यात वाचला. रक्त पुसता पुसता कादंबरीच्या लक्षात आलं, की डचेस तिच्याकडे बघतच नाहीये. ती तिच्या डाव्या हाताकडे बघून फिस्कारत होती.

सोमवारी दहा वाजता ग्रॅहम टुलीची गाडी फाटकातून आत आली. कधी न येणारा माणूस. त्याने मागची ताडपत्री सारली आणि एक कोकरू काढून जमिनीवर टाकलं.

"हे माझ्या लोकर कापायच्या शेडच्या पत्र्यावर होतं," तो म्हणाला. "पत्र्यावर. तिसरं आहे हे."

"ग्रॅहम, माझे पक्षी मागच्या मंगळवारपासून बाहेर पडलेले नाहीत. वही बघ. माझा गरुडसुद्धा एवढं कोकरू उचलू शकत नाही."

"घुंगरू ऐकलंय मी. माझ्या बायकोनेही ऐकलंय. या टेकडीवर घुंगरं बांधणारी तूच एकटी आहेस ना?"

कादंबरी खाली बसली. कोकराच्या अंगावर एकही जखम नव्हती. फक्त डोळे नव्हते आणि ते फार हलकं होतं, लोकरीच्या रिकाम्या पिशवीसारखं.

"मी वन्यजीव खात्याला कळवलंय," ग्रॅहम म्हणाला. "गुरुवारी माणूस येतोय. तुझं लायसन्स गेलं तर मला वाईट वाटणार नाही." तो गाडीत बसला, पण त्याने गाडी सुरू केली नाही. काच खाली करून पुढे म्हणाला तेव्हा त्याचा आवाज बदललेला होता. "मेंढी पण गेली आज. मोठी, सत्तर किलोची. निलगिरीच्या वरच्या बेचक्यात अडकलीये. शिडी पोचत नाही तिथवर. तू... तू काय पाळलंयस तिथे?"

तो गेल्यावर तिने हेलनला फोन लावला. तिकडे लख्ख ऊन असावं, मागे कुणीतरी पोहत असल्याचा आवाज येत होता. हेलन गुडघ्यांबद्दल बोलली, आंब्याच्या मोहोराबद्दल बोलली. कादंबरीने विचारलं, "हेलन, तुझा कधी एखादा पक्षी धुक्यात हरवला होता का? घुंगरासकट?"

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"तो हातावर खातो का?" हेलनने विचारलं.

"हो."

"किती वेळा?"

"चार."

"ओह, लव," हेलन म्हणाली. मग एकदम, "इकडे काय हवा आहे म्हणून सांगू! वर्षभर धुकं म्हणून पडत नाही." आणि फोन ठेवला. त्यानंतर तिने तो उचलला नाही.

सोमवार-मंगळवार कादंबरीने शिट्टी मारली नाही, मांस बाहेर काढलं नाही. मंगळवारी घुंगरू धुक्याशिवाय आलं. भर दुपारी, स्वच्छ उन्हात, खोल्यांच्या छतावरून ते या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरत राहिलं. पत्रा एकेका जागी खोल दबायचा आणि सुटताना टण्णकन वाजायचा. बाराव्या खोलीपर्यंत जाऊन ते परत फिरायचं. खाली अकरा पक्षी भिंतींना चिकटून बसले होते. मिरीने स्वतःचीच पिसं उपटून काढली होती. सकाळी तिचं वजन साडेआठशेवरून सहाशे ऐंशी ग्रॅमवर आलं होतं. दोन दिवसांत ती टॉफीच्या वाटेने जाणार हे सांगायला काट्याची गरज नव्हती.

कादंबरीला एकच गोष्ट येत होती. जंगली पक्षी हातावर आणायची, आणि हातावर आलेला पक्षी मोकळा करायची. बरा झालेला पक्षी सोडताना त्याच्या पायातले चामडी पट्टे आणि घुंगरू कापून काढतात. माणसाशी बांधणारं जे जे आहे ते काढलं, की तो परत हातावर येत नाही. तो त्याच्या वाटेने जातो. निदान तिला तसंच शिकवलेलं होतं.

बुधवारी सकाळी ती निघाली तेव्हा प्रणव बूट घालून गाडीपाशी उभा होता.

"मी येतोय. रजा टाकलीये."

"तुला पटलं का माझं?"

"नाही," तो म्हणाला. "पण तुझ्या भुवईला पाच टाके पडलेत. मी घरी बसून नकाशा बघत नाही आता."

बाराच्या सुमाराला धुकं आलं. तिने प्रणवला आपल्यापासून वीसेक पावलांवर, फाटकाच्या बाजूला उभं केलं आणि काहीही झालं तरी हलायचं नाही, बोलायचं नाही, असं बजावलं. स्वतः कुरणाच्या मध्यावरच्या जाड लाकडी खांबाशी गेली. डावा हात मोज्यासकट खांबाच्या माथ्यावर टेकवला. उजव्या हातात पट्टे कापायची छोटी कात्री. मोज्यात मांस नव्हतं. त्याला खायला घालायचं नाही, एवढं तिने ठरवलं होतं.

तीन शिट्ट्या.

घुंगरू लांबून आलं नाही. ते तिच्या मागेच वाजलं, खांद्याशी.

मग वजन आलं. आधी ससाण्याएवढं, हलकं, अदबीने बसलेलं. मग गरुडाएवढं. मग खांबाने एक लांब कुरकुर केली आणि तो जमिनीत बोटभर उतरला. तिचा हात ते वजन आणि लाकूड यांच्यामध्ये चेपला जात होता. मनगटातलं काहीतरी कट्कन सरकलं. तिने ओठ दाबून धरले.

उजवा हात तिने धुक्यात पुढे केला.

बोटांना पाय लागला. थंड, खवल्यांचा. तिच्या मनगटाहून जाड.

ती कसलीच घाई करत नव्हती. पक्षी हातावर असताना घाई करायची नाही. बोटं खवल्यांवरून वर सरकवत तिने पट्टा शोधला. चामडं जुनं होतं, लाकडासारखं वाळलेलं आणि पायात इतकं रुतलेलं की खवले त्याच्या वरून वाढले होते. तिला त्या क्षणी भीती वाटली नाही. वाईट वाटलं. हे कुणी बांधलं आणि तसंच सोडून दिलं?

कात्री पट्ट्याखाली गेली.

वर, फार वर, कशाने तरी श्वास धरून ठेवला.

तिने कापलं.

घुंगरू तिच्या तळहातात पडलं. वजन गेलं. पंखांचा आवाज झाला नाही, वारा लागला नाही. फक्त खांब हलकेच वर आल्यासारखा झाला आणि कुरणाच्या टोकाला एक मेंढी ओरडली.

प्रणवने तिला धरून गाडीपर्यंत नेलं. घुंगरू पितळेचं होतं, हिरवं पडलेलं, आणि गंजून मिटलेलं. त्याने ते कानाशी हलवलं. आत वाजणारा खडाच नव्हता. त्याने ते कुरणातल्या तळ्यात भिरकावून दिलं.

गाडी फ्रीवेला लागली.

"तू काय पाहिलंस?" तिने विचारलं.

"धुकं." तो रस्त्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तू मान एवढी वर करून कुणाकडे बघत होतीस?"

"मी? मी पूर्ण वेळ माझ्या हाताकडे बघत होते."

प्रणवने गाडीचा वेग वाढवला.

गुरुवारी खात्याचा माणूस आला, वह्या बघितल्या, ट्रॅकरच्या नोंदी बघितल्या, झाडावरच्या मेंढीचे फोटो बघून डोकं खाजवलं आणि लायसन्सला हात न लावता परत गेला. त्याच दिवशी डचेसने खाल्लं. शुक्रवारी मिरीने खाल्लं. रविवारपर्यंत अकराच्या अकरा पक्षी आपापल्या दांडीवर, एक पाय पोटाशी घेऊन, पिसं फुगवून बसले होते. ग्रॅहमची कोकरं जाग्यावर होती. रस्त्यात त्याची गाडी समोरून आली तेव्हा त्याने स्टिअरिंगवरून एक बोट उचललं. कादंबरीच्या मनगटाला प्लॅस्टर होतं, पण ती पंधरा दिवसांत पहिल्यांदा आठ तास झोपली. तिला वाटलं, सुटला बिचारा. गेला त्याच्या वाटेने.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तिचं प्लॅस्टर निघालं. शनिवार होता, टार्निटला बऱ्याच दिवसांनी ऊन पडलं होतं. प्रणव आत कुकर लावत होता. ती मागच्या अंगणात दोरीवर कपडे वाळत घालत होती. अंगण ते केवढं, चार पावलांचं. कुंपणाला लागून पुढचं घर, त्याला लागून पुढचं, सगळी एकसारखी.

तिला जाणवलं, की मॅगपाय ओरडत नाहीयेत. समोरच्या तारेवर रोज असणारे गुलाबी काकाकुवेही नव्हते. अख्ख्या वसाहतीत एक पक्षी नव्हता.

मग तिच्या डोक्यात एक साधी गोष्ट आली. घुंगरू पक्ष्यासाठी नसतं. ते माणसासाठी असतं, पक्षी आता कुठे आहे ते माणसाला कळावं म्हणून. आणि ते तिनेच कापून काढलं होतं.

तिने चिमटा लावायला डावा हात वर केला होता. तो तसाच राहिला. हातावर मोजा नव्हता, नुसता स्वेटर.

लोकरीत चार खळगे पडले. पुढे तीन, मागे एक. अगदी हळू, शिकवल्यासारखे, अदबीने.

तिने हात हलवला नाही.

शेजारच्या अंगणात लताकाकू उन्हाला खुर्ची टाकून बसल्या होत्या. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या, किडकिडीत, अंगावर दोन शाली. त्यांनी कुंपणावरून मान उंचावली.

"काय गं कादंबरी," त्यांनी हसून विचारलं, "हात असा का धरून उभी आहेस?"

तिच्या मनगटावरची पकड जराशी सैल झाली, आणि आवाजाच्या दिशेला वळली.